रेंजचा कातळ

2020 सालच्या 15 जूनला महाराष्ट्रात शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, पण करोनामुळे शाळांच्या इमारतींना कुलूपच राहिलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये मुक्ताची सातवी जेवणाच्या टेबलावर भरू लागली. तिच्या धाकट्या भावाची, छोटूची, दुसरी पलंगाच्या कडेला भरायची आणि बाबांचं ऑफिस गॅलरीत. आई बँकेत होती. बँका टाळेबंदीतही चालूच होत्या, त्यामुळे ती रोज मास्क लावून कामाला जायची आणि आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायची नाही.

पहिला महिना नवलाईत गेला. मग मुक्ता कॅमेरा बंद ठेवू लागली. पडद्यावर तिच्या नावाची चौकट असायची आणि ती चौकटीमागे चित्रं काढत बसायची, कधी डोकं टेबलावर टेकून डुलकी घ्यायची. बाईंनी नाव घेऊन प्रश्न विचारला की ती गप्प राहायची आणि दोन मिनिटांनी लिहायची, ‘मॅडम, नेटवर्क गेलं होतं.’ हे वाक्य कोणालाही तपासता येत नव्हतं. ऑगस्टपर्यंत ते तिच्या हातात इतकं बसलं की ‘मॅ’ टाइप केलं की मोबाइल पुढचं सगळं आपणहून सुचवायचा.

तिला आळशी म्हणणं मला जमणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला शेजारणीच्या वहीत डोकावायचं असतं, मधल्या सुट्टीत डबा वाटून खायचा असतो, मैदानावर धडपडायचं असतं. ते सगळं काढून घेतल्यावर उरलेल्या शाळेत तिचं मन रमलं नाही, एवढंच.

छोटूची अडचण वेगळी निघाली. तो पुस्तक नाकाशी धरायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर काढला आणि बाबांना समजावून सांगितलं, की मुलांचे डोळे जवळचंच पाहून पाहून थकतात. त्यांना लांबचं पाहू द्या आणि दिवसाच्या उजेडात न्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, तर तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने लांबचं अंधूक दिसू लागलेली मुलं इतर शाळांपेक्षा कमी निघाली, हेही डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी त्या दिवशी ठरवलं, की शनिवार-रविवार घरात बसायचं नाही.

पण जायचं कुठे? बागा बंद, सिंहगड बंद. 2 सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेनासा झाला, तशी शहरातली माणसं मिळेल त्या पाणवठ्याकडे धावली. आईला ती गर्दी नको होती. तिने पोळ्यांच्या मावशींना फोन लावला. मार्चमध्ये सोसायटीने कामाच्या बायकांना फाटकाबाहेर थांबवलं, तेव्हापासून मावशी वेल्हे तालुक्यातल्या आपल्या वाडीवर होत्या. आई महिन्याच्या महिन्याला त्यांचा पगार बँकेत भरत होती, त्यामुळे बोलणं चालू होतं.

मावशी म्हणाल्या, “या की. पर गावात येऊ नगा, बाई. हितं लोकं भ्यालेत शहरातल्या मान्सास्नी. वाडीच्या वरच्या अंगाला टेकडी हाय, तिकडनं परस्पर वर जावा. कुणी काय बोलनार न्हाई.”

एप्रिलमध्ये त्या वाडीने वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. तशा त्या राज्यातल्या पुष्कळ गावांनी टाकल्या होत्या. त्यात राग नव्हता. दवाखाना लांब आणि घराघरात म्हातारी माणसं असल्यावर गाव दुसरं काय करणार?

शनिवारी दुपारी ते निघाले. खानापूरहून पाबे घाट चढून पलीकडे उतरलं की वेल्ह्याचा मुलूख लागतो. पाऊस ओसरत आला होता. खाचरांत इंद्रायणी भात पोटरीला आलेलं, बांधावर तेरडा फुललेला आणि समोर तोरणा ढगात डोकं घालून उभा. तोरण्याची उंची 1403 मीटर, तो पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, हे मुक्ताला पाठ होतं. पण इतका मोठा किल्ला गाडीच्या काचेत मावत नाही, हे तिने त्या दिवशी पाहिलं.

टेकडीच्या माथ्याजवळ एक रुंद काळा कातळ होता. पलीकडे बेहड्याचं झाड होतं, खाली सगळं खोरं पसरलेलं. बाबांना जागा फार आवडली. कातळावर चटई अंथरली गेली. बाबांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा करून बंद केले, पिशवीत टाकले आणि हात पसरून म्हणाले, “रेंज नाही, मेसेज नाही, मीटिंग नाही. किती बरं वाटतंय!”

खरंच बरं वाटत होतं. छोटूने पहिल्या अर्ध्या तासात दोन विंचू-इंगळ्यांची बिळं शोधल्याचं जाहीर केलं. ती खेकड्यांची निघाली. आई कित्येक महिन्यांनी मास्क काढून पाठ टेकून आडवी झाली. पुरी-भाजीचा डबा उघडला.

तेवढ्यात मुक्ताला झाडाखाली तीन मुलं दिसली. एक तिच्याएवढा मुलगा आणि त्याच्यापेक्षा लहान दोन मुली. मुलाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिघं उभीच होती. जवळ येईनात, जाईनातही.

“बघू देत,” आई म्हणाली. “गावातल्या मुलांना नवल वाटतं.” तिने तीन पुऱ्या कागदावर काढून ठेवल्या आणि हाताने खूण केली. मुलांनी मान हलवली. भूक नाही, असं त्यातल्या धाकटीने लांबूनच सांगितलं.

जेवण झालं. पत्ते झाले. सावली कातळावरून सरकली. मुलं अजून तिथेच होती, फक्त आता उकिडवी बसली होती. शेवटी मुक्ता उठून त्यांच्याकडे गेली, दहा पावलांवर थांबली आणि विचारलं, “तुम्हाला काही हवंय का?”

मुलगा उभा राहिला. म्हणाला, “न्हाई. तुमचं झालं की आमी बसतो. घाई न्हाई.”

“कुठे बसता?”

“तुमी बसलाय तिथं. रेंज तिथंच येती. दोन काड्या.” मग, तिला कळलं नाही असं वाटून, त्याने पुढे सांगितलं, “आमची शाळा तिथं भरती.”

मुक्ता परत आली आणि तिने आई-बाबांना ते सांगितलं. कोणी काही बोललं नाही. बाबांनी चटईचं एक टोक धरलं, आईने दुसरं, आणि डबे-बाटल्यांसकट सगळा संसार बेहड्याखाली हलला.

मुलगा म्हणजे मावशींचा नातू, संतू. तोही सातवीतच. त्यांच्या घरात मोबाइल एकच, तो चुलत्याचा. चुलता पुण्यात दुधाच्या टेम्पोवर होता; शनिवारी दुपारी घरी यायचा, सोमवारी पहाटे परत जायचा. म्हणून संतूची शाळा शनिवार-रविवार. गुरुजी आठवडाभराचा अभ्यास वर्गाच्या ग्रुपवर टाकायचे. तो कातळावर बसून उतरवून घ्यायचा, व्हिडिओ असेल तर एकेक उघडेपर्यंत वाट पाहायची. पाऊस आला की मोबाइल पिशवीत आणि पिशवी सदऱ्यात. गुरुजी स्वतःही मोटरसायकलवर यायचे, देवळाच्या पडवीत मुलांना लांब लांब बसवून शिकवायचे; पण त्यांच्याकडे अशा आणखी वाड्या होत्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, तीही पाहता यायची, वीज असली तर. हे सगळं संतूने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मुक्ताने विचारलं, म्हणून सांगितलं.

पुढच्या शनिवारी मुक्तानेच तिकडे जायचा हट्ट धरला. ह्या वेळी चटई सरळ बेहड्याखाली पडली. मास्क लावून, मध्ये अंतर ठेवून ती कातळाच्या कडेला बसली. संतूची वही पाहिली. अक्षर बारीक आणि दाटीवाटीचं, कारण वही पुरवायची होती.

“येक इचारू?” तो म्हणाला. “हे व्यस्तप्रमाण. गुरुजींचा व्हिडिओ निम्म्यात थांबतुया, पुढं जातच न्हाई. तुमच्यात शिकवलं आसंल की.”

शिकवलं होतं. त्याच आठवड्यात, मंगळवारी. बाई व्यस्तप्रमाण शिकवत होत्या तेव्हा मुक्ता चौकटीमागे मांजर काढत होती. तिने वहीकडे पाहिलं, मग तोरण्याकडे पाहिलं, आणि सवयीने ते वाक्य तोंडातून गेलं.

“आमचं नेटवर्क गेलं होतं.”

संतूचा चेहरा एकदम उतरला. स्वतःसाठी नव्हे, तिच्यासाठी.

“तुमच्यात बी जातं व्हय?” तो म्हणाला. “आमाला वाटायचं, पुण्यात कायम आसतंया.” तो थोडा सरकला आणि कातळावरचा हात दीड हात सपाट तुकडा त्याने तळव्याने झाडला. “मग तू बी हितं येत जा. ही जागा चांगली हाय. दोन काड्या कवाच जात न्हाईत.”

मुक्ता तिथे बसली नाही. तिला बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून ती आईकडे गेली आणि निघेपर्यंत तिच्याजवळच राहिली. घाट चढताना बाबांनी दोनदा विचारलं, गाडी लागतेय का. ती नाही म्हणाली.

रात्री झोपायच्या वेळी तिने आईला सगळं सांगितलं. मांजर, मंगळवार, जुलैपासूनची सगळी ‘गेलेली’ नेटवर्कं. आई रागावली नाही. बँकेत दिवसभर काचेमागे उभ्या असलेल्या बाईकडे त्या वर्षी रागावायला बळ उरलं नव्हतं, असंही असेल. पण मला वाटतं, मुलगी आधीच जिथे पोचली होती तिथे आणखी ढकलायची गरज नाही, हे तिला दिसलं. ती एवढंच म्हणाली, “गणिताचं पुस्तक आण.”

इकडे बाबांच्या मनात दुसरंच चालू होतं. रविवारी त्यांनी मावशींना फोन केला. घरात एक जुना मोबाइल पडून आहे, संतूला देऊ का? मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “द्या, साहेब, तुमचं मन मोठं हाय. सोमवार ते शुक्कुरवार बी पोरगं वर चढंल, कातळावर बसंल. पर समजून सांगाया मानूस कुटनं आनायचा? ते पोरगी सांगत व्हती त्ये बरं व्हतं.” पोरगीने काहीच सांगितलं नव्हतं, हे मावशींना माहीत नव्हतं. संतूने घरी जाऊन सांगितलं होतं, की पुण्याची ताई पुढच्या वेळी समजावणार आहे. त्याने ते गृहीतच धरलं होतं.

मोबाइल दिला गेला, रिचार्जही भरला गेला. त्याचा उपयोग झाला, हे मी मुद्दाम लिहितो, कारण वस्तूंची मदत कमी लेखायची एक पद्धत आपल्याकडे आहे आणि ज्याच्याकडे वस्तू नाही त्याला ती परवडत नाही. पण मावशींचा प्रश्न उरलाच होता, आणि त्याचं उत्तर मुक्ताकडे होतं.

त्या सोमवारी मुक्ताचा कॅमेरा चालू होता. ती शहाणी झाली म्हणून नव्हे. शनिवारी कोणीतरी विचारणार आहे आणि तेव्हा आपल्याला सांगता आलं पाहिजे, ह्या धास्तीने. तिने बाईंना वर्ग संपल्यावर थांबवून शंका विचारल्या. बाई काही क्षण नुसत्या पाहत राहिल्या. महिनोन्‌महिने काळ्या चौकटींशी बोलल्यावर त्यांच्यासमोर एक चेहरा आला होता, आणि तो प्रश्न विचारत होता. त्यांनी अर्धा तास दिला. त्या वर्षी शिक्षकही एकटे पडले होते, ह्याचा विचार आपण पालकांनी कमी केला.

शनिवारी मुक्ताने कातळावर खडूने गणित मांडलं. “सहा माणसं भाताचं एक खाचर चार दिवसांत कापतात. आठ माणसं लावली तर?”

संतूने पुस्तकातली रीत ऐकायच्या आधीच सांगितलं, “तीन दिस.”

“कसं काढलंस?”

“सादी गोष्ट हाय. चार दिस सहा मानसं, म्हंजी चोवीस मानसांचं काम. आठानं भागलं.” आणि मग त्याने विचार करून भर घातली, “पर तसं व्हत न्हाई. आठ मानसं लावली तर दोगं भारं व्हायला लागत्यात. आन्‌ पाऊस आला तर सगळंच येका दिसात उरकाया लागतं.”

मुक्ताने एक्सचं समीकरण तयार करून आणलं होतं. ते तिने तसंच मांडलं, पण ह्या वेळी त्यातली प्रत्येक संख्या खाली दिसत होती. माणसं वाढली की दिवस घटतात आणि दोघांचा गुणाकार मात्र तेवढाच राहतो, हे बाईंनी तिला अर्धा तास समजावलं होतं. ते तिला त्या खाचराकडे बघताना पटलं. संतूला समीकरण आवडलं. दरवेळी तोंडी करायला नको, लिहून ठेवता येतं, असं त्याचं मत पडलं. दोघी धाकट्या मुलींनी तोवर छोटूला ताब्यात घेऊन सातभाई पक्षी आणि त्यांचं भांडण ओळखायला शिकवलं होतं.

तसे शनिवार मग होत राहिले. सगळे गोड गेले असं नाही. ऑक्टोबरच्या मध्याला जोराचा पाऊस झाला, कापणीला आलेलं भात कितीतरी ठिकाणी आडवं झालं, तेव्हा संतू दोन आठवडे वर आलाच नाही. घरातले सगळे हात शेतात होते. मुक्ता कातळावर एकटी बसून राहिली. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी गाडी टेकडीच्या वाटेवर न नेता बांधापाशी लावली. आता गावानेही अडवलं नाही. शहरातल्या चार माणसांना भात कापता येत नाही. त्यांनी पेंढ्या बांधावर वाहून नेल्या, ओल्या लोंब्या उन्हात पसरल्या, आणि बाबांच्या हाताला संध्याकाळपर्यंत फोड आले. त्या दिवशी डबा त्यांनी नेला नव्हता. मावशींनी नाचणीची भाकरी आणि झिरकं वाढलं.

डिसेंबरमध्ये संतूने एक गोष्ट दाखवली. “ते दोन तारं बगा. दिवाळीपास्नं जवळ जवळ चाल्ल्यात. मोठा धाकट्याला गाठाया लागलाय.” तो दोन महिने अंधार पडेपर्यंत कातळावर बसत होता, नैर्ऋत्येचं आकाश त्याच्यासमोर असायचं, त्यामुळे कोणी न सांगता त्याने ते टिपलं होतं. त्याने वहीच्या मागच्या पानावर तोरण्याच्या कड्याची रेघ काढून तारखेनिशी ठिपके मांडले होते.

मुक्ताने घरी जाऊन शोधलं. ते तारे नव्हते, गुरू आणि शनी होते. गुरू सूर्याभोवती सुमारे 12 वर्षांत फिरतो, शनीला साडेएकोणतीस लागतात. म्हणून साधारण 20 वर्षांनी गुरू शनीला आकाशात गाठतो. पण 21 डिसेंबर 2020 ला ते इतके जवळ दिसणार होते, जितके 1623 नंतर कधी आले नव्हते. संतूचे ठिपके बरोबर होते. तिच्या बाईंनी त्या पानाचा फोटो वर्गाला दाखवला आणि मुलांना विचारलं, की ह्या महिन्यात संध्याकाळी आकाशाकडे कोणी कोणी पाहिलं? वर्गात तीसच्या वर मुलं होती. एकही हात वर झाला नाही.

मग वीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी त्या टेकडीवर दोनच नाही, सहा घरांची माणसं जमली. मुक्ताच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी आपल्या घरच्यांना घेऊन आल्या, वाडीतून मावशी आल्या, चुलता आला, गुरुजी मोटरसायकलवर आले. तोरण्याच्या डाव्या अंगाला ते दोन ठिपके बोटभरही अंतर न ठेवता उभे होते. समजावून सांगायचं काम संतूकडे होतं. ग्रहांची वर्षं सांगताना तो अडखळला, तेव्हा मुक्ताने पुरवली. कुठून बघितलं की झाडाची फांदी आड येत नाही हे तिला माहीत नव्हतं, ते त्याने सांगितलं. पांगताना गुरुजींनी त्या मैत्रिणींच्या आईवडिलांना विचारलं, “पुन्हा याल का? आमच्या अजून तीन वाड्या आहेत.”

27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरायला लागले. संतू शेजारच्या गावातल्या शाळेत चालत जाऊ लागला. त्यानंतरच्या शनिवारी मुक्ता वर आली तेव्हा तिला वाटलं होतं, कातळ मोकळा असेल. तो भरलेला होता. पहिली ते चौथीचे वर्ग अजून बंदच होते, आणि वाडीतली सात-आठ लहान पोरं संतूसमोर बसली होती. त्याच्या हातात बाबांनी दिलेला जुना मोबाइल होता, पण तो बाजूला ठेवून तो चिंचोक्यांवर वजाबाकी शिकवत होता.

तिला पाहून तो म्हणाला, “बरं झालं आलीस. चौथीची चार हाईत, त्यास्नी भागाकार पायजे. मला येकट्याला दोन वर्ग हुईनात.”

मुक्ताने पाठीवरची पिशवी काढली, चपला कातळाखाली ठेवल्या आणि चौथीच्या चौघांना आपल्याकडे वळवून बसवलं. “पाढे कितीपर्यंत येतात?” तिने विचारलं, आणि चौघांनी चार वेगवेगळी उत्तरं एकदम दिली.